घरातले दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा

ठाण्यातल्या आमच्या घरी आतल्या खोलीत वडिलांचा जुना डेस्कटॉप आहे आणि माझा लॅपटॉप बाहेरच्या खोलीत असतो. त्या डेस्कटॉपमधली सुमारे ८० जीबी छायाचित्रे लॅपटॉपवर आणायची होती. दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालत होते, तरीही लॅपटॉपच्या 'नेटवर्क' या विभागात वडिलांचा संगणक काही केल्या दिसेना. दोन संध्याकाळी मी विंडोजमधला हाती लागेल तो पर्याय बदलून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी कळले की दोष विंडोजमध्ये नव्हताच. राउटरच्या मागची एक वायर चुकीच्या पोर्टमध्ये खोचलेली होती.

त्या दोन संध्याकाळी वाया गेल्या त्या क्रम चुकल्यामुळे. संगणकांच्या जोडणीतला दोष शोधताना खालून वर यावे लागते: आधी वायर किंवा वाय-फाय, मग पत्ता, मग दोन पत्त्यांमधला रस्ता, मग फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा संगणकातला पहारा), आणि शेवटी नाव व पासवर्ड. खालची पायरी पक्की असल्याची खात्री झाल्याशिवाय वरची पायरी तपासण्यात अर्थ नसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर टिपून ठेवावे, नाहीतर शेवटी जोडणी सुरू होते पण कशामुळे झाली ते समजत नाही, आणि वाटेत उघडी टाकलेली फायरवॉल तशीच राहून जाते.

पुढची माहिती विंडोज १० आणि ११ असलेल्या संगणकांना धरून आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी प्रत्यक्ष टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप कराव्यात.

आधी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

समोरचा संगणक जागा आहे का, हे स्वतः उठून जाऊन पाहावे. पडदा काळा असलेला संगणक पुष्कळदा झोपलेला असतो, आणि झोपलेला संगणक नेटवर्कवर सहसा कोणालाही उत्तर देत नाही. तपासणी चालू असेपर्यंत दोन्ही संगणकांची झोपण्याची वेळ 'नेव्हर' अशी करून ठेवावी.

वायरने जोडलेल्या संगणकाच्या मागे, जिथे वायर खोचतो तिथे, बारीक दिवे असतात. ते पेटत नसतील तर वायर, तिचे टोक किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी खराब आहे, म्हणून दुसरी वायर लावून पाहावी. वाय-फायवर असाल तर दोन्ही संगणक कोणत्या नावाच्या वाय-फायला जोडले आहेत ते पाहावे. त्यातला एखादा 'गेस्ट' वाय-फायवर असेल तर शोध तिथेच संपतो, कारण पाहुण्यांना इंटरनेट मिळावे पण घरातली इतर उपकरणे दिसू नयेत यासाठीच ती सोय केलेली असते. काही राउटरांत हाच अडसर मुख्य वाय-फायलाही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' या नावाने लावता येतो, तो बंद असावा लागतो. मात्र एक संगणक २.४ गिगाहर्ट्झवर आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झवर आहे म्हणून ते एकमेकांना दिसत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. एकाच राउटरच्या त्या दोन वाटा आत एकाच जाळ्यात येऊन मिळतात.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, चालू असेल तर ते तपासणीपुरते बंद करावे, कारण पुष्कळ ऑफिसांची व्हीपीएन घरातल्या नेटवर्ककडे जाणारी वाट मुद्दाम बंद ठेवतात.

पत्ता वाचणे

विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे, उघडलेल्या चौकटीत सीएमडी ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. काळ्या पटलावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा मध्ये जागा न सोडता द्यावी. बरीच माहिती दिसेल, पण त्यातल्या तीनच ओळी आपल्या कामाच्या आहेत: आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे. एकापेक्षा जास्त गट दिसले तर ज्या गटात डिफॉल्ट गेटवेसमोर आकडा आहे तोच गट वाचावा. या तीन ओळी दोन्ही संगणकांवरून कागदावर शेजारी शेजारी उतरवून घ्याव्यात.

आयपी पत्ता हा सोसायटीतल्या पत्त्यासारखा असतो. मास्क २५५.२५५.२५५.० असा असेल, आणि घरोघरी बहुधा तो तसाच असतो, तर पत्त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे विंग आणि शेवटचा आकडा म्हणजे फ्लॅटचा क्रमांक. १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.७ हे एका विंगमधले शेजारी झाले. १९२.१६८.०.७ हा मात्र दुसऱ्या विंगमधला. गेटवे म्हणजे विंगबाहेर जाण्याचे फाटक, आणि घरात ते काम राउटर करतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत तेच ते असतात, जसा 'बी विंग, ३०२' हा फ्लॅट कितीतरी सोसायट्यांत असतो. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने असे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत.

आता कागदावरचे आकडे पाहावेत. एखाद्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे. वायर किंवा वाय-फायचा पासवर्ड पुन्हा तपासून आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू अशा आज्ञा द्याव्यात, आणि त्यानेही भागले नाही तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. पूर्वी कोणीतरी संगणकात हाताने पत्ता भरून ठेवला असेल, आणि ऑफिसातून घरी आणलेल्या संगणकांत असे आढळते, तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये पत्ता 'ऑटोमॅटिक' मिळेल असा पर्याय निवडावा. दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतले पहिले तीन आकडे आणि गेटवे जुळत असतील तर पुढचा विभाग वगळला तरी चालेल.

दोन राउटरांचे घर

आमच्या घरी आकडे जुळत नव्हते. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.६ होता आणि वडिलांच्या संगणकाचा १९२.१६८.०.१००. म्हणजे एका घरात दोन विंगा तयार झाल्या होत्या.

आपल्याकडे हे फार घडते, आणि त्याची गोष्ट साधारण सारखीच असते. फायबरची जोडणी देणारी कंपनी स्वतःचे एक उपकरण बसवून जाते, आणि त्यातच वाय-फाय असते. आतल्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून आपण कपाटातला जुना राउटर काढतो आणि नव्या उपकरणापासून त्याच्यापर्यंत एक वायर ओढतो. ती वायर जुन्या राउटरच्या वॅन नावाच्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये खोचली जाते, कारण पूर्वी इंटरनेटची वायर तिथेच असायची. आमच्याकडे वायर ओढणाऱ्या तंत्रज्ञानेही तेच केले. इंटरनेट लगेच सुरू होते आणि सगळ्यांना काम झाल्यासारखे वाटते. पण वॅन पोर्टच्या पलीकडे जे आहे ते बाहेरचे जग, असे तो राउटर धरून चालतो. आपल्या मागे तो एक वेगळी विंग उभारतो, तिथले पत्ते स्वतः वाटतो आणि बाहेरून येणाऱ्यांना आत सोडत नाही. दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते एवढ्यावरून ते एकाच नेटवर्कमध्ये आहेत असे ठरत नाही, ते एवढ्यासाठीच.

या प्रकाराची आणखी एक खूण आहे. आतल्या राउटरमागच्या संगणकावरून बाहेरच्या संगणकापर्यंत पोहोचता येते, पण उलट दिशेने पोहोचता येत नाही. वडिलांच्या संगणकावरून माझा लॅपटॉप उत्तर देत होता आणि लॅपटॉपवरून त्यांचा संगणक देत नव्हता, आणि या एकतर्फी वागण्यामुळेच मी दोन दिवस त्यांच्या संगणकाच्या फायरवॉलला दोष देत बसलो.

कधी कधी दोन्ही राउटर १९२.१६८.१ हेच आकडे वाटतात आणि मग कागदावर सगळे जुळल्यासारखे दिसते. अशी शंका आली तर दोन्ही संगणकांवर एआरपी -ए ही आज्ञा द्यावी आणि गेटवेच्या पत्त्यासमोर दिसणारा सहा जोड्यांचा भौतिक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची स्वतःची ओळख, ताडून पाहावा. तो वेगळा असेल तर गेटवेचा आकडा सारखा दिसला तरी फाटके दोन आहेत.

उपाय असा की जुन्या राउटरने राउटरपण सोडावे आणि नुसता वाय-फायचा खांब म्हणून उभे राहावे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडला की काम झाले. जुन्या राउटरांत तो पुष्कळदा नसतो. तेव्हा एक संगणक वायरने त्या राउटरच्या साध्या, म्हणजे लॅन पोर्टला जोडावा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता, आमच्या बाबतीत १९२.१६८.०.१, टाइप करून सेटिंग्जचे पान उघडावे. तिथे राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता मुख्य उपकरणाच्या विंगमधला पण त्याच्याहून वेगळा करावा. मुख्य उपकरण १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र मुख्य उपकरण आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या यादीत हा आकडा येत नाही हे आधी पाहून घ्यावे. हे जतन करताच पान अडकल्यासारखे होते, त्याने घाबरू नये. राउटरचा पत्ता बदलला आहे, म्हणून नव्या पत्त्याने पान पुन्हा उघडावे, आणि ते उघडले नाही तर संगणकाची वायर काढून पुन्हा लावावी. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. हे शेवटीच करावे, कारण आधी केले तर संगणकाला पत्ता मिळेनासा होतो आणि सेटिंग्जच्या पानाशी पोहोचणे अवघड होऊन बसते. एवढे झाल्यावर मुख्य उपकरणाकडून आलेली वायर वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये खोचावी, वॅन पोर्ट रिकामे ठेवावे आणि सगळे संगणक एकदा बंद करून सुरू करावेत. आयपीकॉन्फिगने पुन्हा पाहिले तर आता सगळे एका विंगमध्ये आलेले दिसतील.

हाक मारून पाहणे

पत्ते एका विंगमधले झाले की रस्ता मोकळा आहे का ते पिंगने पाहावे. काळ्या पटलावर पिंग, मग एक जागा आणि मग समोरच्या संगणकाचा पत्ता टाइप करावा. चार ओळी येतील, आणि त्या नीट वाचाव्यात, कारण नवख्या माणसाची फसगत होते ती इथेच.

'रिप्लाय फ्रॉम' नंतर समोरच्या संगणकाचा पत्ता आणि पुढे वेळ दिसली तर रस्ता मोकळा आहे. पण 'रिप्लाय फ्रॉम' नंतर स्वतःच्याच संगणकाचा पत्ता आणि पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे असेल तर ते यश नव्हे. आपल्याच संगणकाने आपल्याला कळवले आहे की विंगमध्ये त्या क्रमांकाच्या फ्लॅटने दार उघडले नाही. गंमत अशी की विंडोज खाली हिशेब मांडताना याही उत्तरांची गणना मिळालेल्या उत्तरांत करते आणि 'लॉस' शून्य टक्के दाखवते. असे आले तर मागच्या विभागांकडे परत जावे: संगणक झोपलेला आहे, पत्ता बदलला आहे, गेस्ट वाय-फाय आहे किंवा आयसोलेशन चालू आहे.

तिसरी शक्यता 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' ही. हाक गेली, पण उत्तर आले नाही. पिंगला उत्तर न देण्याची मुभा फायरवॉलला असते, त्यामुळे एवढ्यावरून रस्ता बंद आहे असे ठरवू नये. पिंग संपल्याबरोबर एआरपी -ए ही आज्ञा द्यावी. यादीत समोरच्या संगणकाच्या पत्त्यापुढे भौतिक पत्ता आला असेल तर तो संगणक तिथे आहे, जागा आहे आणि खालच्या पातळीवर आपल्याशी बोललाही आहे. तो गप्प आहे तो फायरवॉलमुळे. वायर आणि राउटर यांची तपासणी इथे संपली.

विंडोजचा पहारा

विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असे एक लेबल लावते. रेल्वे स्थानकावरचे किंवा कॅफेतले वाय-फाय पब्लिक, घरचे प्रायव्हेट, असा हेतू आहे. पब्लिक लेबल असेल तर संगणक इतरांपासून स्वतःला लपवतो. नवे वाय-फाय जोडताना आपण घाईत जे बटण दाबतो त्याने, किंवा विंडोजने स्वतःहून निवडल्यामुळे, घरचे नेटवर्कही पब्लिक ठरलेले असते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडावे, चालू असलेल्या जोडणीचे गुणधर्म पाहावेत आणि तिथे प्रायव्हेट निवडावे. हे दोन्ही संगणकांवर करावे लागते. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' या पानावर प्रायव्हेट विभागातले 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन पर्याय चालू करावेत. शेवटचा पर्याय चालू झाला की फायरवॉल पिंगलाही उत्तर देऊ देते, त्यामुळे पिंग पुन्हा करून पाहावे.

यानंतरही उत्तर येत नसेल आणि संगणकात विकत घेतलेले अँटिव्हायरस असेल, तर पुष्कळदा त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तिच्यातही घरचे नेटवर्क विश्वासाचे म्हणून नोंदवावे लागते. ती दोन मिनिटे बंद करून पाहणे ठीक आहे, पण दोष तिचाच निघाला तर योग्य नोंद करून तिला पुन्हा चालू करावे. फायरवॉल कायमची बंद करावी हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे.

नावाने नव्हे, पत्त्याने

'नेटवर्क' विभागात संगणकाचे चिन्ह दिसत नाही म्हणजे जोडणी नाही, असे समजू नये. ती यादी तयार होणे हे वेगळेच काम असते आणि ते वारंवार बिघडते. विंडोजचे बटण आणि आर दाबून चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच पत्ता लिहावा, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असे. शेअर केलेली फोल्डर उघडली किंवा पासवर्ड विचारला गेला तर जोडणी ठणठणीत आहे. चिन्ह दिसत नसले तरी काही अडत नाही.

चिन्ह हवेच असेल तर समोरच्या संगणकावर 'सर्व्हिसेस' उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा सुरू करावी आणि ती आपोआप सुरू होईल असे ठरवून द्यावे. जुन्या लेखांत यासाठी 'एसएमबी १' ही फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत पुन्हा चालू करण्याचा उपाय सांगितलेला आढळतो. तो करू नये. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीवाटे पसरला होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० नव्याने बसवले तर ती पूर्वीसारखी सरसकट बसवली जात नाही. 'होमग्रुप' तयार करा असा सल्लाही आता निरुपयोगी आहे, कारण ती सोय २०१८ साली विंडोज १० मधून काढून टाकली गेली.

कुलूप आणि किल्ली

पासवर्ड विचारणारी चौकट आली की पुष्कळ जण हताश होतात. खरे तर ही चांगली बातमी आहे, कारण खालच्या सगळ्या पायऱ्या पार झाल्या असल्याशिवाय ती चौकट येतच नाही.

तिथे समोरच्या संगणकावरच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यायचा असतो, आपल्या संगणकावरचा नव्हे. चार आकडी पिन इथे चालत नाही, तो ज्या संगणकावर ठरवला त्याच्यापुरताच असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश होत असेल तर नाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड द्यावा. वडिलांच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. त्यांना रोज पासवर्ड टाइप करण्याचा त्रास नको होता, म्हणून त्यांच्या संगणकावर 'फोटो' नावाचे एक वेगळे साधे खाते पासवर्डासह तयार केले आणि फोल्डर फक्त त्या खात्याला वाचण्यापुरती शेअर केली. फोल्डरवर उजवी कळ दाबून गुणधर्मांत गेल्यावर 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन विभाग दिसतात. परवानगी दोन्हीकडे लागते, आणि दोहोंत फरक असेल तर जी कडक असेल ती लागू होते. फोल्डर दिसते पण उघडत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा इथे सापडते.

पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर आधी चुकीने भरलेला पासवर्ड विंडोजने लक्षात ठेवलेला असू शकतो. 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून त्या संगणकाची नोंद पुसावी, काळ्या पटलावर नेट यूज * /डिलीट अशी आज्ञा द्यावी आणि नव्याने प्रयत्न करावा.

हे जमल्यावर राउटरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या पर्यायाने समोरच्या संगणकाला एक पत्ता कायमचा नेमून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलणार नाही. मोठा साठा आणायचा असेल तर वाय-फायऐवजी वायर वापरावी. आमच्या जुन्या राउटरची पोर्टे १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर ११ ते १२ मेगाबाइट एवढाच वेग. त्या हिशेबाने ८० जीबीला जेमतेम दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात कोणताच संगणक झोपणार नाही हे सुरुवातीलाच पाहून ठेवावे लागते.